मोटारीच्या पोटातला गंज

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एक जुना वाडा आहे असे समजा. मोठ्या दरवाजातून आत गेले की फरसबंद चौक, आणि चौकाच्या एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेली फियाट मोटार. आजोबांनी घेतलेली, मुलाने चालवलेली आणि आता नातवाच्या वाट्याला आलेली. ताडपत्री बाजूला केली की डोळे दिपतात. रंग नवा, समोरची जाळी चकचकीत, सीटची कव्हरेही नुकतीच शिवलेली. दसऱ्याला तिला झेंडूची माळ चढते आणि सगळी गल्ली ती पाहायला येते.

आता समजा, या गाडीखाली एक अनुभवी मिस्त्री सरपटत गेला. त्याने हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तळाचा पत्रा ठिकठिकाणी वाजवून पाहिला. टण्, टण्, टण्... आणि मग एके ठिकाणी आवाज आला ‘थप्’. त्याने स्क्रू-ड्रायव्हर उलटा केला आणि टोकाने नुसते दाबले. टोक सरळ आत गेले. वरून मूठभर तपकिरी भुगा त्याच्या तोंडावर पडला. बाहेर येऊन तो फक्त एवढेच म्हणाला, “मालक, रंग झकास लागलाय. पण गाडी रंगावर उभी नसती.”

गाडी मग कशावर उभी असते? आणि ज्यावर ती उभी असते ते असे आतल्या आत पोखरले कसे जाते? आज आपण हेच पाहू या. हा विषय सोलापूरकरांना परकाही नाही. भारतात मोटारी बांधण्याचा ध्यास घेतलेल्या वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. त्यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात. नंतर तिथे इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या होऊ लागल्या. १९६४ साली आलेली फियाट ११०० डिलाइट हीच पुढे १९७४ च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तिच्या वयाची वीस वर्षे भरल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत, त्या अशा चौकांत आणि शेडमध्येच.

चासी गेली कुठे?

जुना ट्रक किंवा जीप खालून पाहिली असेल तर तुम्हांला दोन लांबलचक जाड पोलादी तुळया दिसल्या असतील. शिडीच्या उभ्या दांड्यांसारख्या त्या पुढून मागेपर्यंत जातात आणि आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. हीच चासी. इंजिन, चाके, पाटे सगळे तिला जोडायचे आणि वर पत्र्याची बॉडी ठेवून बोल्ट आवळायचे. वालचंदांच्या कारखान्यातल्या डॉज गाड्या याच जातीच्या होत्या.

फियाट ११०० खालून पाहिलीत तर मात्र अशी शिडी सापडणार नाही. १९५० च्या आसपास फियाट कंपनीने वेगळी चासी सोडून दिली आणि तळ, बाजू, खांब, छप्पर हे सगळे पत्रे एकत्र वेल्ड करून एकच कवच तयार केले. अंड्याच्या टरफलासारखे हे कवचच सगळा भार पेलते. आपल्याकडची अँबॅसडरही याच पद्धतीची. म्हणजे पद्मिनीची ‘चासी’ असे आपण म्हणतो तेव्हा तो तिचा तळ, दारांखालच्या पोकळ पेट्या आणि पुढच्या-मागच्या भागातील पत्र्याच्या पोकळ तुळया असतात. दाराखालच्या त्या पेटीला गॅरेजमध्ये ‘रनिंग बोर्ड’ म्हणतात. आत शिरताना आपण सहज तिच्यावर पाय ठेवतो.

एक साधा प्रयोग करा. वहीचा एक कागद टेबलावर उभा करून त्यावर पुस्तक ठेवता येईल का? नाही. तोच कागद गुंडाळून नळी करा, कडा डिंकाने चिकटवा आणि नळी उभी ठेवा. आता तिच्यावर पुस्तक बिनतक्रार राहते. मोटारीच्या पत्र्याचेही असेच आहे. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. पण त्याची पोकळ पेटी केली की ती माणसांसकट गाडी पेलते. आता त्या कागदी नळीच्या बुडाशी पाण्याचे बोट लावा आणि गंमत पाहा. बाकीची नळी धडधाकट असूनही ती एकदम कलते. भक्कमपणा कागदाच्या जाडीत नव्हता, नळीच्या आकारात होता. बुडाशी आकार मोडला आणि बळ संपले.

पेटीत आणखी एक अडचण दडलेली आहे. त्या काळी बॉडीला रंग फवाऱ्याने देत. फवारा बाहेरून लागतो. बंद पेटीच्या आतल्या बाजूला तो पोचणार कसा? त्यामुळे बाहेरून तीन-तीन हात रंग दिलेल्या पेटीचा आतला पत्रा कित्येकदा जवळजवळ उघडाच राहिला. पुढे कारखान्यांनी सगळी बॉडीच रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने रंग आतपर्यंत चिकटवण्याची युक्ती काढली. पोर्शे कंपनीने १९७५ च्या सुमारास आणि ऑडीने १९८५ च्या सुमारास तर जस्त चढवलेल्या पत्र्याच्याच बॉड्या करायला सुरुवात केली. आपली चौकातली फियाट त्याआधीच्या घराण्यातली.

एका थेंबाची गोष्ट

लोखंडाला गंज लागायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे तुम्ही शाळेत तीन परीक्षानळ्यांच्या प्रयोगात पाहिले आहे. पण गंज चढतो कसा हे त्या प्रयोगातून कळत नाही. त्यासाठी इंग्लंडमधील केंब्रिजच्या युलिक एव्हान्स या शास्त्रज्ञाचा थेंबाचा प्रयोग करून पाहायला हवा. त्याने तो १९२० च्या दशकात केला. तुम्ही तो आज दुपारी करू शकता.

साध्या पोलादी पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा घ्या (स्टेनलेस नको, जस्ताचा मुलामा असलेलाही नको). पॉलिश पेपरने तो चकचकीत घासा आणि साबणाने धुऊन कोरडा करा. कपभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा. त्याचा एक मोठा थेंब पत्र्यावर ठेवा आणि तो वाळू नये म्हणून वर काचेचा पेला उपडा घाला. दोन-तीन तासांनी पाहा. थेंबाची अगदी कडेची पट्टी स्वच्छ असेल. तिच्या आतल्या बाजूला तपकिरी गंजाचे कडे दिसेल. आता पत्रा धुऊन पुसा. खरी झीज त्या कड्याखाली झालेली नाही. ती थेंबाच्या मध्यभागी झालेली दिसेल. तिथली चकाकी गेलेली असेल.

असे का व्हावे? थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, तिथे हवेतला ऑक्सिजन भराभर पोचतो. मध्यभागी थर जाड, तिथे ऑक्सिजन कमी. एकाच पत्र्याचे एकाच थेंबाखाली असे दोन प्रदेश तयार झाले, की तिथे एक चिमुकला विद्युत्-घट सुरू होतो. मध्यभागी लोखंडाचे अणू प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन पत्र्यातून वाहत कडेला जातात. तिथे ऑक्सिजन आणि पाणी त्यांना स्वीकारतात व हायड्रॉक्सिल आयन तयार होतात. मधून येणारे लोह आणि कडेकडून येणारे हायड्रॉक्सिल यांची वाटेत गाठ पडते, आणि जिथे पडते तिथे गंज साचतो. ज्या जागी लोखंड झिजते तो ॲनोड आणि जिथे ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो तो कॅथोड. खारट पाण्यातून आयन सहज वाहतात, म्हणून मिठाने हे काम फार वेगाने होते. शाळेत फिनॉल्फ्थॅलीन असेल तर शिक्षकांना विचारून मिठाच्या पाण्यात त्याचे काही थेंब टाका. थेंबाची कड गुलाबी होईल.

या प्रयोगातली विलक्षण गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा लागणार आहे. झीज होते ती ऑक्सिजन कमी असलेल्या जागी. म्हणजे चिखलाच्या ढेकळाखाली, दोन पत्र्यांच्या सांध्यात, रंगाच्या सुटलेल्या पापुद्र्याखाली. नेमके जिथे आपला हात आणि डोळा पोचत नाही, तिथेच!

आणखी एक. गंज लोखंडापेक्षा जागा जास्त व्यापतो. त्यात पाणी किती आहे त्यानुसार त्याचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहा पटींपर्यंत जाते. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून वेल्ड केलेले असतील, तर मधला गंज फुगून त्यांना पाचरीसारखे फाकवतो. सांध्याची सरळ रेघ लाटेसारखी वर-खाली झालेली दिसली, तर आत काय चालले आहे ते ओळखा.

मुंबईची फियाट, सोलापूरची फियाट

एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन फियाट घ्या. एक मुंबईत राहिली, एक सोलापुरात आली. पंचवीस वर्षांनी दोघींचा तळ सारखा असेल का?

१९३० च्या दशकात वर्नन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले की हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. त्याखाली तो फारच मंद असतो. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवा या मर्यादेच्या बऱ्याच वर असते आणि समुद्राचे क्षार हवेतून येतच असतात. सोलापूर समुद्रापासून दूर, कमी पावसाच्या पट्ट्यात. एप्रिल-मेच्या दुपारी इथली आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली उतरते. ज्या उन्हाला आपण नावे ठेवतो ते उन्ह जुन्या मोटारींना मानवते.

आकड्यांत सांगायचे तर, हवेच्या गंजकपणाचे वर्ग पाडणारे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. सौम्य हवेत उघड्या पोलादाची झीज पहिल्या वर्षी २५ मायक्रॉनपेक्षा कमी होते, तर समुद्रालगतच्या अतिगंजक हवेत ती ८० ते २०० मायक्रॉन होते. एक हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे आपल्या पत्र्याची सगळी जाडी. शिवाय पत्रा दोन्ही बाजूंनी झिजतो. भागाकार तुम्हीच करा. (पुढच्या वर्षांत वेग काहीसा घटतो, पण खड्डे पडत गेले तर त्या ठिकाणी तो उलट वाढतो. म्हणून हे उत्तर अंदाजाचेच समजा.)

मग सोलापूरकराने निश्चिंत राहावे? तसेही नाही. मुंबईत पंधरा वर्षे वापरलेली गाडी सोलापुरात आणली, तर ती आपल्याबरोबर समुद्रही घेऊन येते. सांध्यांत बसलेले क्षार तिथेच राहतात. साधे मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्के झाली की पाणी ओढून ओले होते. समुद्री क्षारांतले मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांनाच ओले होते. म्हणजे आपल्या अंगणात हवा कोरडी वाटते त्या दिवशीही पेटीच्या आत ओल असू शकते. जुनी गाडी घेताना लोक इंजिनाचा आवाज ऐकतात. मला विचाराल तर आधी ती कोणत्या गावात म्हातारी झाली ते विचारावे.

आणि सोलापूरचे स्वतःचे शत्रूही आहेत. पहिला म्हणजे आपली काळी माती. ज्वारीला ती वरदान, कारण ती पाणी धरून ठेवते. मोटारीला ती शाप, कारणही तेच. पावसात गाडी शेताच्या वाटेने जाऊन आली की चाकावरच्या कमानीत आतून चिखलाचे लिंपण बसते. वरून ते वाळते, पण पत्र्याला लागलेला थर कित्येक दिवस ओला राहतो. एव्हान्सचा थेंब इथे किलो-दोन किलोचा झाला म्हणा! दुसरा शत्रू रोजची हौस. बोअरच्या मचूळ पाण्याने पाइप लावून गाडी धुवायची आणि ओलीच ताडपत्रीखाली झाकायची. ताडपत्रीखालची वाफ रात्री गार पत्र्यावर दवासारखी जमते. ऊन-वाऱ्यात उघडी ठेवलेली गाडी एक वेळ परवडली, पण ओली झाकलेली नको. तिसरा शत्रू म्हणजे पायाखालचे जाड कापड. समोरच्या काचेचे रबर कडक झाले की पावसाचे पाणी आत झिरपते, कापड ते पिऊन बसते आणि तळ वरच्या बाजूने कुजू लागतो. बॅटरीखालचा पत्राही विसरू नका. सांडलेल्या सल्फ्युरिक आम्लाने तो खाल्ला जातो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला की आम्ल मारले जाते.

डांबराची चादर

आता उपायांकडे वळू. पुष्कळ ठिकाणी एकच उपाय माहीत असतो. गाडी उचलायची, खालून पाण्याचा फवारा मारायचा आणि दुसऱ्या दिवशी काळ्या डांबरी लेपाचा जाड थर द्यायचा. गाडी खालून काळीकुळीत, नव्यासारखी दिसते. मालक खूश होतो.

पण विचार करा. गंजलेला पत्रा हा ओला आणि क्षारयुक्त पत्रा असतो. त्यावर लेप दिला म्हणजे ओल आणि क्षार आतच कोंडले. काही वर्षांत डांबर कडक होते, खडी लागून त्याला बारीक चिरा पडतात. चिरेतून पाणी आत शिरते, पण ऊन आणि वारा आत शिरत नाहीत. चिरेपाशी ऑक्सिजन भरपूर, आत लेपाखाली कमी. थेंबाचा प्रयोग आठवला ना? लेपाखाली गंज पसरत जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. वर सांगितलेल्या मिस्त्रीचा ‘थप्’ आवाज अशाच लेपाखालून आला होता. स्वच्छ, कोरड्या, प्रायमर दिलेल्या पत्र्यावर हाच लेप खडीपासून उत्तम संरक्षण करतो. दोष डांबराचा नाही, घाईचा आहे.

मग पत्रा स्वच्छ कसा करायचा? यातच सगळा वेळ जातो आणि जायलाच हवा. आधी चिखल गोड्या पाण्याने मऊ करून काढायचा, कमानींच्या वरच्या कोनाकोपऱ्यांतसुद्धा. मग गाडी उन्हात पूर्ण वाळू द्यायची. हे काम काढायला सोलापूरच्या एप्रिलइतका चांगला महिना नाही. सुटलेला लेप पटाशीने खरवडायचा. गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने घासायचे, आणि जमेल तिथे वाळूच्या फवाऱ्याने पत्रा पांढरा होईपर्यंत साफ करून घ्यायचा. काम मोठ्यांचे आहे. तुम्ही शेजारी उभे राहून पाहायचे, तेही डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडके बांधून, कारण जुन्या रंगाच्या धुळीत शिसे असू शकते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जायचे नाही. भक्कम स्टँड हवेतच.

खड्ड्यांच्या तळाशी थोडा गंज राहतोच. त्यासाठी बाजारात गंज-परिवर्तक द्रावणे मिळतात. काहींत फॉस्फोरिक आम्ल असते. ते गंजाचे लोह फॉस्फेट बनवते आणि ते पत्र्याला घट्ट चिकटून राहते. दिल्लीच्या कुतुबमिनारच्या आवारातला सुमारे सात मीटर उंचीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे टिकला, त्यामागेही फॉस्फेटच आहे. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असल्याने पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला, हे कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी उलगडून दाखवले.

दुसऱ्या प्रकारच्या द्रावणात टॅनिन असते. हे तुमच्या घरात आहे. हिरड्याची पूड पाण्यात उकळा, गाळा आणि त्यात एक गंजका खिळा रात्रभर ठेवा. सकाळी तो निळसर काळा झालेला दिसेल. टॅनिन आणि लोह यांचा हा संयोग. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, तीही हीच. पोथीवरचे अक्षर आणि मोटारीच्या तळावरचे काळे औषध एकाच कुळातले आहेत, हे कळले तेव्हा मला फार मौज वाटली होती. मात्र या द्रावणाने पातळ गंज आवरतो. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ते ओतणे व्यर्थ.

यानंतर प्रायमर. पूर्वी जवसाच्या तेलात शेंदूर खलून लोखंडाला लावत. पुलांना, जहाजांना सगळ्यांना तो चाले. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. तेलाशी संयोग होऊन त्याचे जे साबणासारखे पदार्थ होतात, ते गंज रोखतात. पण शिसे विषारी, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला घातक. म्हणून तो आता वापरू नये. दुकानात ‘रेड ऑक्साइड’ म्हणून मिळतो तो रंगाने तसाच दिसला तरी वेगळा, त्यात गेरूसारखे लोहाचे ऑक्साइड असते. तो स्वस्त आहे, पण एकटा तळाला पुरत नाही. इपॉक्सी प्रायमर पत्र्याला घट्ट धरून बसतो. आणि जस्ताची पूड ठासून भरलेला प्रायमर तर आणखी एक काम करतो.

ते काम काय? हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडले. अधिक सहज इलेक्ट्रॉन सोडणारा धातू स्वतः झिजला आणि तांबे वाचले. जस्त लोखंडासाठी हेच करते. तुमच्या गोठ्यावरच्या पन्हळी पत्र्याला ओरखडा पडला तरी तिथे लगेच गंज चढत नाही, कारण शेजारचे जस्त आधी स्वतः ॲनोड होते. परंतु जस्ताचे कण आणि उघडे पोलाद यांचा प्रत्यक्ष स्पर्श हवा. मध्ये गंज किंवा जुना रंग राहिला तर हे औषध लागू पडत नाही.

बाहेरून एवढे सगळे केले, तरी पेटीची आतली बाजू राहिलीच. तिथे रंगाचा आग्रह धरू नये. आत ब्रश जात नाही आणि धूळ निघत नाही. तिथे हवे कधीही पूर्ण न वाळणारे, चिरांत स्वतःहून सरकणारे मेण किंवा मेणयुक्त तेल. लांब नळीच्या टोकाला सर्व बाजूंनी फवारणारे तोंड लावून ते पेटीच्या भोकांतून आत मारतात. मेंढीच्या कच्च्या लोकरीला हात लावला की बोटांना जो मेणचटपणा लागतो, त्या लॅनोलिनचाही यासाठी उपयोग करतात. काही ठिकाणी इंजिनातून काढलेले काळे ऑइल डिझेलमध्ये मिसळून फवारतात. त्याने पाणी दूर राहते हे खरे. पण त्यात आम्ले असतात, त्याने रबरी बुशे फुगतात, ते कातडीला अपायकारक असते आणि ठिबकून शेवटी गटारात जाते. स्वस्तात मिळते म्हणून ते मारणे मला पटत नाही.

आणि जिथे स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला, तिथे? तिथे कोणतेही औषध नाही. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करायचा. पेट्रोलची टाकी आधी दूर करायची, बॅटरी सोडवायची. भोकावर जाळी ठेवून लांबी भरली आणि रंग मारला, तर दिसायला काम सुबक होते, पण रंगाखाली काही उरलेलेच नसते. पद्मिनीचे मागचे पाटे तळाच्या पत्र्यालाच टांगलेले असतात. भरल्या गाडीत, वेगात असताना ती जागा फाटली तर मागचे चाक वाकडे होते. जॅक लावायची जागा कुजली असेल तर जॅक आत घुसतो आणि गाडी खाली येते. तळालगत जाणारी ब्रेकची नळी गंजून फुटली, तर पायाखालचा ब्रेक रिकामा जातो. म्हणून तर वर रंग पाहून भुलायचे नाही.

कायद्यानेही आता चासीला मान दिला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम जाहीर केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी मूळ स्वरूपात जपलेली असेल तर तिची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट अशी की चासीत, बॉडीच्या कवचात किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा. १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्ये पन्नास वर्षांची झाली. इंजिन दुरुस्त होते, काच बदलता येते, सीट शिवता येते. कवच कुजले की मात्र मूळ गाडीच उरत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

शिक्षकांना सुचवावेसे वाटते की हा सगळा विषय सहा खिळ्यांत मांडता येईल. एकाच मापाचे सहा खिळे पॉलिश पेपरने घासून, वजन करून क्रमांक द्या. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यावर रेड ऑक्साइड, तिसऱ्यावर जस्ताचा प्रायमर लावा. चौथ्यावर मेणबत्तीचे मेण वितळवून चढवा. पाचवा आधी आठवडाभर मिठाच्या पाण्यात गंजवा आणि तसाच ओला असताना त्यावर डांबरी लेप जाड द्या. सहावा स्वच्छ असताना तोच लेप द्या. लेप वाळल्यावर सगळ्यांवर ब्लेडने एक-एक बारीक ओरखडा ओढा आणि काळ्या मातीच्या चिखलात, मिठाचे पाणी शिंपडून, दोन महिने पुरून ठेवा. चिखल वाळू देऊ नका. मग काढून लेप खरवडा आणि पाहा. पाचव्याकडे विशेष लक्ष द्या.

वजन करताना एक गंमत होईल. गंजलेला पहिला खिळा पुसून, वाळवून तराजूत टाकला तर तो सुरुवातीपेक्षा जड भरण्याची शक्यता आहे. लोखंड झिजले म्हणता, मग वजन वाढले कसे? वर्गात आधी यावर वाद होऊ द्या. नंतर तो खिळा लिंबाच्या रसात रात्रभर ठेवा, गंज निघून गेल्यावर धुऊन, वाळवून पुन्हा तोला, आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.